मिठाने खाल्लेली तार

थोरल्या भावाने समुद्री माशांची टाकी मोडली आणि तिचा दिवा बहिणीला दिला. तिने तो त्याच्याच जुन्या दोन तारांनी आपल्या गोड्या पाण्याच्या टाकीतल्या रोपांवर टांगला, पण त्या प्रखर उजेडात पानांवर शेवाळच माजलं.

दुपारी ती पाण्यात हात घालून पानं पुसत असताना कट्कन आवाज झाला. मिठाने खाल्लेली एक तार तुटून पेटता दिवा पाण्यावर वीतभर लोंबकळू लागला. तिचा हात पाण्यातच होता.

"हलू नकोस," दारातून नवरा दबक्या आवाजात म्हणाला. दुसरी तार करकरत होती. त्याने भिंतीवरचं बटण बंद केलं, तेव्हा कुठे तिने हात बाहेर काढला.

संध्याकाळी भावाने नव्या तारा लावल्या, दिवा उंच टांगला, उजेड निम्म्यावर आणला.

"माझी टाकी गेली त्याचं काही नाही गं," तो म्हणाला, "पण तुला काही झालं असतं तर..." आणि त्याने तुटकी तार कचऱ्यात फेकली.