गल्ली उठली नाही

वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला तेव्हा सासूबाईंच्या अर्ध्या डोक्याला रंग लागला होता आणि अर्धं डोकं पांढरंफेक होतं. सून ब्रश हातात घेऊनच घराच्या पुढच्या खोलीत थाटलेल्या पार्लरच्या दारात गेली. रस्त्याच्या टोकाला आभाळ हिरवट-काळं झालं होतं आणि त्यातून एक जाडजूड सोंड जमिनीला टेकली होती. तिनं सासूबाईंना दंडाला धरून उठवलं आणि तळघराकडे ओढलं. तळघर कसलं, शाम्पूच्या पेट्या ठेवायची खोलगट खोली ती. रंग वेळेत धुतला नाही तर टाळू भाजेल, असं सासूबाई पायऱ्या उतरताना कुरकुरत होत्या. आज टाळू शाबूत राहिली तरी पुष्कळ झालं, असं सून म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

वरून आधी पत्र्यांचा आवाज आला, मग काचांचा, मग कशाचा ते कळेना. दोघींच्या कानांत दडे बसले. लग्न होऊन आल्यापासून सुनेच्या एकाही कामाला ज्यांनी बरं म्हटलं नव्हतं, त्या सासूबाई तिच्या खांद्यात तोंड खुपसून बसल्या होत्या.

वर येऊन पाहतात तर छप्पर गायब. आरशाचा चुरा झाला होता. भिंती मात्र उभ्या होत्या आणि जमिनीला बोल्टनं आवळलेली खुर्ची जागची हलली नव्हती. गल्लीतलं एकही माणूस दगावलं नाही हे कळलं, तेव्हा कुठे सुनेनं हातातला ब्रश खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवाले आले. एवढा रुंद टोर्नेडो या भागात आजवर कधी मोजलाच गेला नव्हता, हे ते कॅमेऱ्यापुढे पुन्हापुन्हा सांगत होते. एका वार्ताहरानं सुनेला ढिगाऱ्याजवळ उभं केलं आणि सगळं गेल्यावर कसं वाटतंय ते विचारलं.

"सगळं कुठे गेलंय?" ती म्हणाली. "खुर्ची आहे, कात्री आहे. बसा, मानेवर केस फार वाढलेत तुमचे."

ते काही टीव्हीवर दाखवलं नाही.

पाठोपाठ पालिकेचा अधिकारी आला आणि घराघरावर लाल रंगाच्या फुल्या मारत सुटला. ही गल्ली उठवायची, सगळ्यांना गावाबाहेर फ्लॅट द्यायचे, असं वरून ठरलं होतं. माणूस वाईट नव्हता. असलं वादळ इथे पुन्हा येऊ शकतं, असं तो कळकळीनं समजावत होता.

"आणि गावाबाहेर येणार नाही?" सुनेनं विचारलं. "तसं लिहून देता?"

त्यानं रंगाचा डबा खाली ठेवला. मग तीच म्हणाली, "वारा कुठेही येईल, साहेब. आम्हाला घर बदलून नको. जमिनीखाली धड लपायला जागा द्या."

तिचा नवरा ट्रक चालवायचा. तो लांबच्या फेरीवरून परतला आणि छप्पर नसलेलं घर पाहून त्याचा धीरच सुटला. फ्लॅट मुकाट्यानं घेऊ या, असं तो म्हणाला. सून उत्तर देणार तोच सासूबाईंनी त्याला झापलं. तुला जायचं असेल तर जा, आम्ही दोघी इथेच आहोत, असं त्यांनी सुनावलं.

घरं पाडायचं यंत्र आलं तेव्हा पार्लर चालू होतं. डोक्यावर ऊन, पायाखाली विटांचे तुकडे, आणि खुर्चीत सासूबाई. लावलेला रंग त्या दिवशी बाटलीतल्या पाण्यानं कसाबसा धुतला होता, पण नळाला पाणी नव्हतं म्हणून त्यांचं डोकं तसंच अर्धं काळं, अर्धं पांढरं राहिलं होतं. शेजारपाजारचे लोक मागे केस कापून घ्यायला रांगेत उभे होते. अधिकाऱ्यानं सासूबाईंना उठायला सांगितलं.

"माझं अर्धं डोकं बाकी आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि माझी सून कामात घाई करत नाही."

रांगेत खसखस पिकली. यंत्राच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. अधिकारी बाजूला जाऊन बराच वेळ फोनवर बोलत राहिला. सरसकट पाडायचं नाही, एकेक घर तपासायचं, एवढं त्यानं वरच्यांकडून कबूल करून घेतलं.

तपासणीत तीन घरं खरोखरच खिळखिळी निघाली. ती पाडली. त्यातलं एक शेजारी चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या काकांचं. ते डोळे पुसत लेकीकडे राहायला गेले, आणि त्या दिवशी सुनेला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. त्या मोकळ्या जागेत पालिकेनं काँक्रीटचा तळघरवजा निवारा बांधायला घेतला. काम रखडलं की सून कंत्राटदाराच्या दारात जाऊन बसायची. निवारा पुरा होईपर्यंत ती हटली नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा भोंगा वाजला. अख्खी गल्ली खाली उतरली, दार लागलं, वर वारा घोंगावून गेला. बाहेर आल्यावर दिसलं, पार्लरचे पुढचे चार पत्रे उडाले होते.

सासूबाई कमरेवर हात ठेवून वर बघत राहिल्या. "यंदा जोर कमी पडला त्याचा," त्या म्हणाल्या.

सून शिडी आणायला गेली.