झेलीने दिलेली नीळ

“अगं, बास कर! पिंपात सगळी नीळ ओततेस की काय?” ओक्ताव्ही ओरडली. “मलमल आहे ती, खलाशाची पाटलोण नव्हे!”

झेलीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. निळीची पुरचुंडी तिने पुन्हा एकदा पाण्यात करकचून पिळली आणि पांढरा झगा त्यात बुडवला. काठाला बांधलेल्या धुण्याच्या होडीवर गुडघे टेकून बसलेल्या बायकांचे हात थांबले. कापडावर निळीचे वळ उठणं म्हणजे धोबिणीचं नाक कापलं जाणं. आणि झेली तर अशी धोबीण, की तिच्या हातच्या चादरी सेन नदीच्या या वळणावरून थेट पॅरिसला जायच्या.

“कुणाचा गं झगा?”

“देलकूरचा.”

दोघी-तिघींनी वाकून झगा नीट पाहिला.

झगा साऱ्याजणींच्या ओळखीचा होता. मागच्या साली एप्रिलात, थंडी सरायच्या आत, चित्रकार देलकूरने तो झेलीच्या लेकीच्या, आर्मांदीनच्या अंगात चढवला होता. नदीवरच्या उन्हाळ्यातल्या रविवारचं चित्र त्याला काढायचं होतं, आणि गिऱ्हाइकाला ते उन्हाळ्याच्या आत हवं होतं. म्हणून ती पोर रोज उघड्या दंडांनी, बोचऱ्या वाऱ्यात, होडीत बसून हसत राहिली. “आई, नुसतं बसायचं गं, कपडे बडवायचे नाहीत,” म्हणायची. मे महिन्यात छाती भरली आणि आठवड्याच्या आत गेली. पोर यायची बंद का झाली, हे देलकूरने एका शब्दाने विचारलं नाही. रंगांची पेटी उचलली आणि दक्षिणेला चालता झाला. आता सव्वा वर्षाने स्वारी परत काठावरच्या सराईत उतरली होती. बरोबर ब्लांश नावाची नवी पोरगी होती, आणि मोलकरणीच्या हाती तोच झगा त्याने धुवायला पाठवला होता. कोणाकडे पाठवतोय हे त्या शहाण्याला काय ठाऊक!

“उद्या रविवार,” झेली म्हणाली. “गिऱ्हाईक येतंय त्याचं, चित्र बघायला. पुरं होऊ देते काय मी! बसू दे त्या बयेला निळी-जांभळी होऊन. भर गर्दीत हसू होऊ दे त्याचं.”

“त्या ब्लांशचं काय चुकलं पण?”

“काही नाही. माझ्या पोरीचं तरी काय चुकलं होतं?”

रविवारी काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. होड्या, छत्र्या, तळलेल्या मासळीचा वास, झाडाखाली फिडल वाजवणारा म्हातारा. झेली काळी टोपी घालून अगदी पुढे येऊन उभी राहिली. असला तमाशा काय मागून बघायचा असतो?

“मी नाही बसणार, मस्यू!” ब्लांश रडकुंडीला आली होती. “बघा ना, झग्याची काय दशा केलीय त्या मेलीने!”

देलकूरने झग्याची चुणी हातात घेतली, उन्हात धरली. झेली एक पाऊल पुढे सरकली. आता चिडेल, आता ब्रश फेकेल.

तो टाळी वाजवून हसला.

“अरे वा! पांढऱ्यावर सावली पडते तेव्हा असाच तर रंग दिसतो! मी डोकं फोडून घेत होतो ह्या निळ्यासाठी. कोण ही धोबीण? हात चुंबायला हवेत तिचे!”

आणि ब्लांशला होडीत बसवून पठ्ठ्या रंगवायलाही लागला. झेलीच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभराची अब्रू तिने त्या पिंपात बुडवली होती, आणि ह्याने त्यातूनही लोणी काढून खाल्लं! ती तरातरा पुढे गेली.

“मीच ती धोबीण.”

देलकूरने खरोखर वाकून नमस्कार केला. शेजारी त्याचं गिऱ्हाईक, बटणांच्या कारखान्याचा मालक गोबेर, बायकोला घेऊन उभं होतं.

“आणि आर्मांदीनची आई.”

“आर्मांदीन! कुठे असते हो ती हल्ली? मान काय सुरेख वळवायची! डोकं तिचंच ठेवलंय मी, झगा तेवढा राहिला होता. या, बघा ना.”

झेलीने पाहिलं. नाकाला रंग लागेल इतक्या जवळून पाहिलं. एक गुलाबी ठिपका, एक पिवळा फराटा, खाली तांबूस काहीतरी. डोळे नाहीत, ओठ नाहीत.

“हे तोंड? ह्या डागांसाठी बसवलीत तिला गारठ्यात?” तिचा आवाज चिरकला. “मेली ती! तुमच्या ह्या उन्हाळ्यात थंडीने मेली माझी पोर!”

फिडल थांबलं.

“मेलेली?” मादाम गोबेर मागे सरकल्या. “आणि ती माझ्या जेवणघरात टांगायची? नको गं बाई! ओगूस्त, चला.”

गोबेरने टोपी डोक्यावर दाबली आणि बायकोच्या मागोमाग निघून गेला. देलकूरचा चेहरा पांढराफटक पडला.

“मला कोणी सांगितलं नाही, मादाम.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“मी… आता मी काय करू? तुम्ही म्हणाल ते करतो.”

“काढा तिला तिथून! तुमच्या चित्रात नको ती मला. खरवडून काढा!”

ती वळली आणि काठाचा चढ चढू लागली. गोड लागला सूड, खोटं कशाला बोला. गिऱ्हाईक गेलं, चित्र गेलं, भर रविवारी माणसाची शोभा झाली. सव्वा वर्षात पहिल्यांदा तिने मोकळा श्वास घेतला. वर पोचल्यावर, त्याचं पडलेलं तोंड एकदा डोळे भरून बघावं म्हणून तिने मागे पाहिलं.

आणि तिला चित्रात आर्मांदीन दिसली.

मान जराशी वळवून, हसू दाबून बसली होती. आईने हाक मारली की ‘आले गं’ म्हणायच्या आधी बघायची, अगदी तशी. एवढ्या लांबून डाग कुठे गेले कळेना. डोळे होते, ओठ होते, डाव्या गालाची खळीसुद्धा होती. पोरीचं एकही चित्र घरात नव्हतं.

तेवढ्यात खाली देलकूरने चित्राला पातं लावलं. बिचारा खाली मान घालून, सांगितलेलं इमानाने करत होता. बघता बघता कपाळ आणि डोळे गेलेच.

“थांबा!” झेली धावत सुटली. “थांबा हो मस्यू, नका काढू!”

लोक बाजूला झाले. ती पोचली तेव्हा हनुवटी तेवढी उरली होती, आणि जवळून तीही नुसता गुलाबी ठिपकाच होती.

“तुम्हीच म्हणालात ना, मादाम…” देलकूर पातं हातात धरून तसाच उभा राहिला.

“हो. मीच म्हणाले.”

ती गवतात बसली आणि सुकल्या रंगाच्या खपल्या वेचून रुमालात ठेवायला लागली. ओक्ताव्हीने येऊन तिचा दंड धरला.

“झेली, ऊठ गं. लोक बघतायत.”

“बघू देत.”

झेली एकेक खपली बोटावर घेऊन उन्हात धरत होती. कपाळाची कोणती आणि गालाची कोणती, ते तिला ओळखू येत नव्हतं.