डबीवरचं नाव

स्तामेनाने मलम केलं ते बेल्का गाईच्या भेगाळलेल्या सडांसाठी. पाइनची राळ, मधमाश्यांचं मेण आणि डुकराची चरबी, एवढाच मामला. गाईचे सड बरे झालेच, पण चोळणाऱ्या बाईचे हातही साठी उलटल्यावर लोण्यासारखे राहिले. रोदोपीच्या डोंगरातल्या त्या गावात बायकांची नजर असल्या गोष्टींना फार तीक्ष्ण. रिकाम्या बरण्या घेऊन त्या मागच्या दाराने येऊ लागल्या. पुढच्या दाराने आलं की गाईचं औषध तोंडाला फासतो हे कबूल करावं लागलं असतं.

वीस वर्षं व्हिएन्नात काढून मुलगी रादोस्तिना परत आली. तिने मलम एकदा गालाला लावून पाहिलं आणि महिन्याभरात सोनेरी झाकणाच्या डब्यांचा नमुना घरी आला. त्यावर छापलं होतं, ‘पणजी झ्लातीनाची गुप्त कृती’.

“ही बया कोण?” स्तामेनाने विचारलं.

“कुणी नाही गं. नाव भारदस्त वाटतं.”

“मलम मी केलं. माझं नाव घाल.”

“आई, जिवंत बाईला कोण विचारतंय? आणि तू चारचौघांत सडांची गोष्ट सांगत बसशील.”

हे स्तामेनाला फार लागलं. घर सासऱ्याच्या नावावर, शेत नवऱ्याच्या, गायसुद्धा दिराच्या. एका डबीवर तरी आपलं नाव असावं, एवढंच तिचं मागणं होतं. ती दोन दिवस मुलीशी बोलली नाही.

समजूत काढायला मुलीने जाहिरातीवर आईचा फोटो टाकला. काळापांढरा, भोवती काळी चौकट, खाली ‘स्तामेना. तिच्या हातांची आठवण.’ व्हिएन्नात याला अभिरुची म्हणतात. मग तिने तो कागद घराच्या फाटकावर आणि बसथांब्याच्या खांबावर डकवला. गावात मात्र अशा ठिकाणी काळ्या चौकटीतला फोटो लागला की त्याचा अर्थ एकच, आणि तो वाचायला चष्मा लागत नाही.

दुपारी स्तामेना गोठ्यात होती. अंगणातून रडणं ऐकू आलं. जर्दाळूच्या झाडाच्या भांडणावरून नऊ वर्षं अबोला धरलेली शेजारीण वासिल्का, मयताच्या घरी नेतात तसं उकडलेल्या गव्हाचं पातेलं घेऊन हुंदके देत होती. मागे अर्धं गाव, प्रत्येकाच्या हातात दोन किंवा चार फुलं. मेलेल्या माणसाला सम आकड्यातच द्यायची असतात.

“सोन्यासारखी बाई गं!” वासिल्का म्हणत होती. “आता माझ्या टाचांचं काय होणार?”

स्तामेना दाराआड उभी राहून ऐकत राहिली. इतकं चांगलं तिच्याबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं. तिला रडूच आलं. शेवटी ती दुधाची बादली घेऊन बाहेर आली.

वासिल्का किंचाळली, मग भडकली. “लाज नाही वाटत? तीन किलो गहू उकडलाय मी तुझ्यासाठी!”

गहू सगळ्यांनी मिळून खाल्ला. अबोलाही मिटला. पण वासिल्काच्या भाचीने बातमी आधीच इंटरनेटवर टाकली होती: ‘स्तामेना गेली, कृतीही तिच्याबरोबर गेली.’ रात्रीपर्यंत मलमासाठी सहाशे मागण्या आल्या.

रादोस्तिनाने आईचे हात धरले. “आई, डबीवर तुझंच नाव घालते. मोठ्या अक्षरांत. फक्त त्या बातमीचा खुलासा करायचा नाही.”

“म्हणजे मी मेलेलीच राहू?”

“फक्त गावाबाहेर गं.”

शरदात स्तामेना दात दाखवायला प्लोव्दिव शहरात गेली. मोठ्या दुकानाच्या काचेत डबीवर तिचं नाव सोनेरी अक्षरांत चमकत होतं. खाली जन्मसाल, पुढे एक आडवी रेघ आणि मग कोरी जागा. खोटं छापणं मुलीच्या तत्त्वात बसत नसे.

“घ्या आजी, अगदी अस्सल आहे,” ती आत शिरताच विक्रेती डबी पुढे करत म्हणाली. “बिचारी शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने करत होती म्हणे. देव तिला क्षमा करो.”

“देव तिला क्षमा करो,” स्तामेनाही रीतीप्रमाणे म्हणाली आणि नावावरून बोट फिरवत राहिली.

“एक देऊ?”

“दोन दे, बाळ,” ती म्हणाली. “मेलेल्या बाईचं आहे ना. एक कसं चालेल?”