आपल्या माणसांना लागत नाही

"बाबा, बंदूक सारखी खाली का घेता? मेलात बघा परत!"

पडदा लाल झाला आणि फौजी चौथ्यांदा मेला. सोफ्यावर बसलेली सून खुदकन हसली. खरं तर हा सगळा खटाटोप खांद्यासाठी होता. फौजीचा उजवा खांदा तीन महिन्यांपासून आखडला होता आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामाचं तो नाव काढू देत नव्हता. शेवटी मुलाने ही शक्कल लढवली. टीव्हीला जोडायचा लढाईचा खेळ आणला, रिमोटसारखं यंत्र प्लॅस्टिकच्या बंदुकीत बसवलं आणि रविवारची जेवणं उरकताच बापाला टीव्हीसमोर उभं केलं. हात जिकडे वळेल तिकडे पडद्यावरची बंदूक वळायची. हात खाली आला की नुसती जमीन दिसायची आणि तेवढ्यात शत्रू आपलं काम उरकून मोकळा व्हायचा.

फौज सोडून त्याला तीसच्या वर वर्षं झाली होती. पुढचा सगळा जन्म पाणीपुरवठ्याच्या पंपावर व्हॉल्व्ह उघडण्यात आणि बंद करण्यात गेला. पण गल्लीने चिकटवलेलं नाव काही सुटलं नाही. प्रत्यक्ष लढाईत तो होता जेमतेम अकरा दिवस. त्या अकरा दिवसांबद्दल तो कधी अवाक्षर काढत नसे, आणि एवढा गप्प राहणारा माणूस म्हणजे शूरच असणार, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. ठरवायला लोकांचं काय जातं!

"मी मुद्दाम नाही घेत खाली," फौजी म्हणाला. "तो मध्ये येतोय."

"कोण?"

"तो पुढचा. आपला."

"मग येऊ दे की!"

"आपला माणूस समोर आला की नळी खाली. पहिल्याच दिवशी शिकवतात."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर त्याची बायको शेंगा निवडत बसली होती. तिचा चेहरा अभिमानाने फुलला. "बघ, याला म्हणतात शिस्त," ती मुलाला म्हणाली. "दादाने उगाच नव्हतं लिहिलं पत्रात, हा मागे असला की मला वळून बघावं लागत नाही म्हणून."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. पलटणीत त्याला सगळे लंबू म्हणत. फौजी आणि लंबू एकाच दिवशी भरती झालेले, एकाच ताटात जेवणारे. लंबू त्याच लढाईत कामी आला. त्याची पेटी घेऊन फौजी त्याच्या घरी आला, आईला आणि एकोणीस वर्षांच्या बहिणीला सगळं सांगून बसला, आणि वर्षभराने त्याच बहिणीशी लग्न केलं. मित्र असावा तर असा, म्हणून चार लोकांनी तोंड भरून कौतुक केलं. फौजीने तेही मान खाली घालून ऐकून घेतलं.

मुलाने खेळ पुन्हा सुरू केला. पडद्यावर धुकं होतं, पडकी भिंत होती आणि पुढे वाकून चालणारा एक उंच सैनिक होता. फौजीने बंदूक उचलली. सैनिक मध्ये आला. फौजीने बंदूक खाली घेतली.

"अहो बाबा!" मुलगा वैतागून उठलाच. "आपल्या माणसांना लागत नाही यात. झाडा बिनधास्त."

"लागत नाही?"

"शंभर गोळ्या घाला. काही होत नाही त्यांना."

आखडलेला खांदा दातओठ खात वर उचलून फौजीने त्या उंच सैनिकाच्या पाठीवर नेम धरला आणि घोडा दाबला. दाबूनच धरला. गोळ्या सुटत राहिल्या, हातातलं यंत्र थरथरत राहिलं. सैनिक पडला नाही. मागे वळला आणि परक्या भाषेत काहीतरी म्हणाला.

"म्हणतोय, जरा सांभाळून रे दोस्ता!" मुलाने हसत हसत अर्थ सांगितला.

फौजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "नाही लागली," तो पडद्याला म्हणाला. "लंबू, नाही रे लागली तुला."

शेंगा मोडण्याचा आवाज थांबला. मुलगा आणि सून एकमेकांकडे बघत राहिली. फौजीची बायको मात्र शेंगांची चाळण उचलून स्वयंपाकघरात गेली. बंदूक सोफ्यावर टाकून फौजी तिच्या मागे गेला.

ती ओट्याला धरून उभी होती.

"दादाला कोणाची लागली?"

फौजीने दाराची चौकट धरली.

"सांगा."

"माझी," तो म्हणाला. "पहाटेचं धुकं होतं. तो पुढे सरकलाय हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. समोर काहीतरी हललं आणि मी..."

"लगेच गेला?"

"अर्धा तास होता. डोकं माझ्या मांडीवर होतं."

"जाताना त्याने माझं नाव घेतलं म्हणाला होतात. ते?"

फौजीने मान हलवली. नाही. अडतीस वर्षं ती बाई त्या एका शब्दावर जगली होती. आई गेली तेव्हा, पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा, प्रत्येक वेळी ती तेच म्हणायची, दादाने जाताना माझं नाव घेतलं होतं. सांगताना तिचा आवाज कसा सावरायचा, हे फौजीने दर वेळी पाहिलं होतं आणि दर वेळी तोंड शिवून घेतलं होतं.

"मग काय म्हणाला?"

"विचारत होता, गोळी कुठून आली."

"तुम्ही काय सांगितलं?"

"समोरून."

तिने डोळे मिटले. "लागली कुठे होती?"

"पाठीत."

"म्हणजे त्याला कळलं," ती म्हणाली. "तुमच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता, आणि त्याला कळलं होतं."

हे फौजीला पहिल्यापासून माहीत होतं. फक्त आजवर कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

"आई, काय झालं बाबांना?" बाहेरून मुलाची हाक आली.

ती जराही न अडखळता म्हणाली, "काही नाही रे. मामाची आठवण झाली त्यांना."

"मामा असता तर काय खेळला असता ना!"

"हो," ती म्हणाली. "आता बंद कर ते."

तिने पाट ओढला, चाळण पुढ्यात घेतली आणि फौजीकडे पाठ करून बसली. एकेक शेंग हातात घेऊन ती मोडू लागली. फौजी दारातच उभा राहिला. माफ कर म्हणायला एक पाऊल पुढे टाकायचं होतं, तेवढंही त्याला टाकता येईना. तिचे खांदे हलत होते. पण ती वळून बघत नव्हती.