मांडवातला रंग

शकुंतला सकाळपासून एका जागी बसलीच नव्हती. तिच्या ताईचं, प्रभाचं, लग्न मार्गशीर्षात होतं. लुगड्याच्या काठाला ताईला रंग हवा होता तो साहेबाच्या बंगल्यातल्या तांबूस शेवंतीचा. तिथल्या गेल्या वर्षीच्या फुलांच्या प्रदर्शनात तिनं ती पाहिली होती. यंदा नवरी मुलगी घराबाहेर पडायची नाही, म्हणून शकुंतलाच पुढं झाली. "मी आणते की रंग. इंग्रजी तिसरीत गेले, एवढं जमणार नाही होय?"

आण्णांनी, म्हणजे तिच्या रंगारी वडिलांनी, रेशमाच्या चार लहान लडी चार छटांत रंगवून लेकीच्या हाती दिल्या. "फुलाशी जुळेल ती आण. सांजच्याला रंगाची भट्टी पेटवणार. चुकलीस तर ताई तुझी चूक नेसून बोहल्यावर चढंल."

सोबतीला शेजारच्या निंगव्वा मावशी. त्यांची चाल म्हणजे भरल्या बैलगाडीची. "फुलं पळून चाललीत व्हय गं? दम घे की."

"फुलं नाही मावशी, ऊन चाललंय."

गावभर कार्तिकातली धूळ, आणि बंगल्याच्या काचघरात शिरावं तर नुसता रंगांचा दंगा. शकुंतला बायकांच्या कोपरांखालून घुसत तांबूस शेवंतीपाशी पोचली आणि दोरीवरून हात लांबवून लडी धरू लागली. पहिली फिकी, दुसरी काळपट. तिसरी मात्र अशी मिसळली, की फूल कुठं संपलं ते कळेना. चौथी तिनं धरलीसुद्धा नाही.

नाचतच ती बाहेर आली. उन्हात मूठ उघडली आणि बघते तर काय! लड शेंदरासारखी भडक दिसत होती.

ती आत पळाली. लड जुळली. बाहेर आली. पुन्हा भडक.

"शिवाशिवी खेळतीस काय?" दारातला माळी वैतागला.

"एक फूल उन्हात नेऊन बघू?"

"हात लावायचा न्हाय. साहेबाचं बक्षीस ठरायचंय अजून."

तिनं वर पाहिलं. रोपं करपू नयेत म्हणून काचांना चुना फासला होता. ऊन त्यातून गाळलं जाऊन, मऊ होऊन येत होतं. मग खरा रंग कुठला, आतला की बाहेरचा? तिचे पाय नुसते थयथयत होते. तिकडं आण्णांनी लाकडं रचायला घेतली असतील.

"कंची बी ने," मावशी पायरीवर बसत म्हणाल्या. "मांडवात काठ कोण बघतंय? समद्यांचं ध्यान पंगतीकडं."

शकुंतला चटकन थांबली. मग मावशींचा हात धरून ओढतच निघाली.

घरी आण्णांनी लड अंगणातल्या उन्हात धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ही शेवंती? हा तर मारुतीचा शेंदूर."

दारामागं उभ्या ताईचा चेहरा उतरला. शकुंतला वडिलांना दोरीवर वाळणाऱ्या पांढऱ्या धोतराखाली घेऊन गेली. कापडातून गाळलेल्या उजेडात लड हळूच तांबूस झाली.

"आण्णा, ताईचं लग्न उन्हात लावणार, का मांडवाच्या पांढऱ्या कापडाखाली?"

आण्णा लड फिरवून फिरवून बघत राहिले. ताई उंबरा ओलांडून अंगणात आली, धोतराखाली वाकली आणि हसली. "हीच की ती."

"काडेपेटी आण," आण्णा म्हणाले.

शकुंतला केव्हाच चुलीकडं पळाली होती.