उजव्या बाहीचं माप

"उसवू का मग?" दयानं विचारलं.

कोट तिच्या मांडीवर पालथा पडला होता आणि हातात ब्लेड होतं. समोर खाटेवर स्टीफन चहा पीत बसला होता. त्यानं कपातून नजर वर केली नाही.

"तुला करायचं ते कर."

"तसं न्हाई. तुमच्या वडलांचा हाय. एकदा उसवला की परत जोडून उपेग न्हाई. कापड पार विरलंय."

स्टीफनचे वडील, कृपादान मास्तर, नेवाशाकडच्या त्या गावात मिशनच्या शाळेवर आयुष्यभर शिकवत होते. भिंतीवरच्या फोटोत ते हाच कोट घालून उभे होते. राखी रंग, रुंद कॉलर, तीन बटणं, कमरेत जरासा आत घेतलेला. मास्तर गेल्यापासून तो ट्रंकेत पडून होता. पाठीला कसर लागून बारीक भोकं पडली होती.

"फाड," स्टीफन म्हणाला. "ट्रंकेत ठेवून कसरच खानार."

दयानं खांद्याच्या शिवणीत ब्लेड घातलं.

दया घरी बसून शिवायची. गावातल्या निम्म्या बायकांच्या अंगावरचे ब्लाउज तिच्या हातचे होते. शाळा सुरू व्हायच्या सुमाराला गणवेशाचे ढीग लागायचे. कोट मात्र तिनं कधी शिवला नव्हता, शिवायची वेळही आली नव्हती. ती आता आली होती, कारण आराधनाचं लग्न ठरलं होतं.

आराधना त्यांची एकुलती एक मुलगी. नगरला एका दवाखान्यात नर्स होती. मुलगा चांगला होता, माणसं चांगली होती, सगळं सुरळीत चाललं होतं आणि स्टीफननं मध्येच सांगून टाकलं, "पोरीला चर्चात दादा घेऊन जाईल. मी म्होरच्या बाकावर बसंन."

दादा म्हणजे नगरचा थोरला भाऊ. त्याच्याकडे दोन कोट होते आणि दोन हात.

स्टीफन आधी मोटारी भरायचा. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून जळालेल्या पाण्याच्या मोटारी त्याच्या पडवीत येऊन पडायच्या आणि तो तांब्याची तार गुंडाळत दिवसभर बसलेला असायचा. दोन वर्षांपूर्वी घरच्याच म्हशींसाठी चारा कापताना कडबाकुट्टीनं उजवा हात ओढून घेतला. डॉक्टरांनी तो कोपराच्या वरून काढला. त्यानंतर शेजारच्या मळ्यातल्या कारभारी नावाच्या दोस्तानं त्याला दूध संकलन केंद्रावर चिकटवून दिलं. डाव्या हातानं आकडे लिहायला तो शिकला. पण चर्चमध्ये शेवटच्या बाकावर, भिंतीच्या कडेला बसायला लागला. खांद्यावरून टॉवेल सोडल्याशिवाय तो घराबाहेर पडायचा नाही.

दादाचं नाव ऐकून आराधना रविवारी तडक गावी आली होती.

"मोठ्या पप्पांबरोबर मी चालणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही येणार नसाल तर एकटी जाईन."

"आगं, नीट इचार कर. रेडिमेड कोट घालायचा आन् रिकामी बाही खिशात खोचायची. बुजगावण्यागत दिसंन मी. त्या लोकांच्या म्होरं, फोटोत."

"मग रेडिमेड नका घालू."

भांडी घासता घासता दया म्हणाली, "मी शिवीन." म्हणून तर गेली, पण मग तिचं तिलाच वाटलं, आपण काय बोलून बसलो.

उसवलेल्या कोटाचे भाग दयानं नमुना उतरवून घ्यायला वर्तमानपत्रांवर पसरले. पुढचे दोन, पाठीचे दोन, बाहीचे वरचे-खालचे, कॉलर. ब्लाउजच्या पुढ्याला अस्तर लावलं की काम संपतं. इथे कापड आणि अस्तराच्या मध्ये एक जाड, राठ कॅनव्हास निघाला आणि त्याच्यावर हातानं घातलेले तिरपे टाके. मुंगीएवढे, ओळीनं, शेकड्यांनी. कॉलर छातीवर अशी वळून बसते ती इस्त्रीनं, असं तिला आजवर वाटत होतं. ती या टाक्यांमुळं बसत होती. कोणा शिंप्यानं, कुठे बसून ते घातले असतील, हे सांगायला आता कोणी नव्हतं.

आराधनानं मोबाईलवर जुन्या धाटणीचे कोट घरी शिवणाऱ्या लोकांचे व्हिडिओ काढून दिले होते. ते इंग्रजीत भराभरा बोलायचे. दया आवाज बंद करून नुसते हात बघायची. कापड नगरच्या कापडबाजारातून आलं, काळपट निळं, हाताला जड.

तिनं स्टीफनची मापं घेतली. छाती, पाठ, कंबर, डावा हात. उजवा खांदा वापर नसल्यानं वाळल्यासारखा बसका झाला होता. त्या बाजूला पॅड जास्त जाड घालायचं तिनं ठरवलं. डाव्या बाहीचं माप होतं, तेच उजव्या बाहीला धरलं.

मग घरात दुसरं काही उरलं नाही. स्वयंपाक झाला की ती कॅनव्हास घेऊन दारात उजेडाला बसायची. बोटांना सुया टोचून टोचून टोकं बधिर झाली. ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवली की लोकरीचा कुबट वास घरभर सुटायचा. स्टीफन केंद्रावरून आला की एकदा त्या ढिगाकडे बघायचा आणि म्हशींकडे जायचा. विचारायचा काही नाही.

सगळ्यात छळलं बाहीनं. बाहीचा वरचा घेर मुंढ्यापेक्षा, म्हणजे खांद्याच्या भोकापेक्षा, मोठा असतो आणि तो चुणी पडू न देता आत मुरवायचा असतो. पहिल्यांदा फुग्याची बाही झाली. उसवली. दुसऱ्यांदा पुढं सरकली. पुन्हा उसवली. शेवटी डावी बाही बसली आणि खांद्यावरून अशी सरळ उतरली, की दयानं हाक मारून शेजारच्या बाईला दाखवली.

उजवी बाही तिनं एकटीनंच केली. जुन्या गादीतला कापूस पिंजून आत भरला, कोपराच्या जागी थोडा बाक दिला. बाजारातून तपकिरी हातमोजा आणून तोही भरला आणि बाहीच्या टोकाला आतून टाचला. हातमोजा कोटाच्या खिशात अर्धा खोचला, की माणूस खिशात हात घालून उभा आहे असंच वाटत होतं.

दुपारी स्टीफन जेवायला आला तेव्हा तिनं कोट त्याच्या अंगावर चढवला. बटण लावलं. हातमोजा खिशात खोचला आणि कपाटाच्या आरशासमोर त्याला उभं केलं.

स्टीफन बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं डावा हातही खिशात घातला, उजव्यासारखा.

"बरा दिसतो," तो म्हणाला.

"जरा चालून बगा."

तो चालला. समोरून बघितलं तर अपघाताच्या आधीचा स्टीफन होता, किंबहुना त्याहून देखणा. दयाला वाटलं, झालं. लग्नात आता कोणी वळून बघणार नाही. मुलीच्या सासरची माणसं आपापसांत काही बोलणार नाहीत. अल्बममध्ये सगळे नीट येतील.

तेवढ्यात कारभारी दारात आला. केंद्राची किल्ली द्यायला आला होता. तो आत पाऊल टाकता टाकता थांबला.

"आयला, स्टीफनराव! पार सायेबच की! वैनी, तुमी केला ह्यो?"

"बसा ना भाऊ."

कारभारी बसला नाही. स्टीफनच्या भोवती तो एक चक्कर मारून आला. पाठ बघितली, कॉलर बघितली. मग त्याची नजर उजव्या खिशावर गेली आणि तिथंच राहिली. त्यानं एक बोट पुढं करून बाही दाबली. कापूस दबला आणि पुन्हा वर आला.

"ह्यो कोनाचा हात हाय?"



"माजा तर न्हाई," स्टीफन हळूच म्हणाला. "माजा तुमीच पुरला न्हवं?"

"व्हय की. म्हनून तर इचारलं."

खरंच होतं ते. त्या दिवशी कुट्टीचं बटण कारभारीनंच बंद केलं होतं. गाडीतून नगरला तोच घेऊन गेला होता. दवाखान्यातून कापडात गुंडाळून दिलेला हात दयाला बघवेना, तेव्हा तो घेऊन परत आला, पाळकसाहेबांना विचारलं आणि ख्रिस्ती स्मशानभूमीच्या कडेला स्वतः खड्डा खणून पुरला. माळकरी माणूस, पण पाळकसाहेबांची प्रार्थना संपेपर्यंत टोपी काढून उभा राहिला होता.

स्टीफनला हसू फुटलं. आधी नुसतं नाकातून, मग पोटातून. तो हसत हसत खाटेवर बसला, तशी कापसाची बाही खिशातून सुटली आणि हातमोजा कोणाला सलाम केल्यासारखा वर आला. ते बघून कारभारीही हसायला लागला. दोघं पुरुष डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. गेल्या दोन वर्षांत स्टीफनला असं हसताना दयानं बघितलं नव्हतं.

ती हसली नाही.

"हसा," ती म्हणाली. "मी हितं डोळं फोडून घेतलं, तुमी हसा."

कारभारी एकदम गप झाला. किल्ली खुंटीला अडकवून, "येतो वैनी," म्हणत बाहेर पडला.

"काढ ही बाही," स्टीफन म्हणाला.

"आन् लोकांनी बगितलं मंग?"

"कोनी बगायचं ऱ्हायलंय? सगळ्या गावानं बगितलंय. ज्यानं पुरला त्यालाच तू कोड्यात घातलंस."

"मंग काय करू? रिकामी सोडू? बुजगावणं तुमीच म्हनला हुता."

"रिकामी न्हाई गं." त्यानं डाव्या हातानं उजवा दंड दाखवला. "जेवढा हाय तेवढ्याची शिव. हितवर तर हाय ना हात? का त्याला मापच न्हाई?"

दया उभी राहिली. खरंच, त्या हाताचं माप तिनं घेतलंच नव्हतं. जखम ओली असताना तिनं रोज ती धुतली होती. आजही त्याच्या पाठीला साबण तीच लावायची. पण ती बाजू ती नेहमी उरकायची, दुसरीकडे बघत.

तिनं मशीनवरची टेप घेतली. स्टीफननं कोट उतरवला, सदरा काढला आणि खाटेच्या कडेला तिच्याकडे उजवी बाजू करून बसला. खिडकीतून ऊन सरळ त्याच्यावर पडत होतं. टोकाला कातडी आत ओढल्यासारखी दुमडली होती, टाक्यांचे व्रण गुलाबी होते. दयानं खांद्याच्या हाडावर टेपेचं टोक धरलं आणि खाली आणलं. फार खाली आणावं लागलं नाही.

"थंड हाय टेप," तो म्हणाला.

"दुखतं का?"

"न्हाई. पर आवळून शिवू नको. त्यो हालतो आजून. कदी कदी बोटं बी हालत्यात असं वाटतं."

"बोटं?" दयाचा हात थांबला. "कोन्ती?"

"करंगळी जास्ती."

"कदी बोलला न्हाई ते."

"कोनाला बोलू? तू हिकडं बगतच न्हवतीस."

तो रागानं म्हणाला नव्हता. तिनं टेप दंडाभोवती फिरवली, मग टोकाजवळ फिरवली, आणि माप घेऊन झाल्यावरही तळहात तिथं ठेवून थोडा वेळ बसून राहिली. आत खरंच काहीतरी हलत होतं, बारीक, सशाच्या पोटासारखं.

"बटनं लाव," स्टीफन म्हणाला. "त्या बाहीला हायेत तेवढी."

उजवी बाही पुन्हा कापायला तिला फारसा वेळ लागला नाही. आत मऊ अस्तर घातलं. खालचं टोक गोल वळवून बंद केलं आणि त्याच्या थोडं वर, डाव्या बाहीसारखीच बटणं ओळीनं लावली. ती बघताना वाटत होतं, बाही कापलेली नाही, मुळातच एवढी ठरवलेली आहे.

लग्नाच्या दिवशी चर्च भरलं होतं. नगरचे मोठे पप्पा पहिल्या बाकावर आधीच जाऊन बसले होते. पेटी सुरू झाली आणि दारातून स्टीफन आणि आराधना आत आले. ती त्याच्या डाव्या हाताला होती. उजवी बाजू पाहुण्यांच्या बाकांकडे होती, आणि त्या बाकांवरच्या माणसांनी बघितलंच. एका लहान मुलीनं आईला काहीतरी विचारलं, आईनं तिचं तोंड दाबलं. स्टीफननं मान वळवून त्या मुलीकडे बघितलं आणि भुवया उडवल्या. पुढं गेला. कॉलर छातीवर जशी वळायला हवी होती तशी वळून बसली होती.

मंडपात उकडत होतं. बाकीच्या पुरुषांनी कोट काढून खुर्च्यांच्या पाठीवर टाकले. स्टीफननं काढला नाही. व्याह्यांच्या शेजारी बसून तो डाव्या हातानं जेवला. व्याही म्हणाले, "कोट कुठून घेतला?" तर त्यानं हातातल्या घासानंच दयाकडे दाखवलं.

निघताना आराधना आईच्या गळ्यात पडली, रडली, हसली, पुन्हा रडली. मग बापाकडे वळली. डाव्या बाजूला कारभारी आणि पाहुणे उभे होते, म्हणून ती उजवीकडून गेली. तिनं ती आखूड बाही दोन्ही मुठींत धरली, तोंड तिच्यावर टेकवलं आणि गाडी हॉर्न देईपर्यंत सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टीफन केंद्रावर गेल्यावर दयानं कोट आत ठेवायला काढला. चटईवर जुनी चादर घातली, इस्त्री तापवली, फडकं भिजवून पिळलं. पाठ केली, पुढचे दोन्ही भाग केले, डावी बाही केली. उजवी बाही पुढ्यात घेतली तेव्हा तिला कापडात मुठींच्या चुण्या दिसल्या. बटणांच्या वर, दोन बाजूंनी, खोल दाबलेल्या. बाहीच्या टोकाला पावडरचा पांढरा डाग होता.

दयानं इस्त्री उभी करून ठेवली. भिंतीवरचं बटण बंद केलं. कोट हँगरला चढवला आणि ती बाही तशीच राहू दिली.