चमच्याने मोजलेलं तेल

"सूनबाई, माझ्या लेकाच्या ताटात हात आखडू नकोस हं!" सासूबाईंचा वीस वर्षांपूर्वीचा हा आवाज तिला नवऱ्याच्या डायलिसिसच्या खोलीत हटकून ऐकू यायचा. आता हात आखडणं हेच तिचं काम झालं होतं. तो अजूनही एक दिवसाआड बेकरीत भट्टीवर जायचा. त्याची भाजी ती चमच्याने मोजलेल्या तेलात करायची आणि स्वतःही तीच मुकाट गिळायची.

तरीही रिपोर्ट बिघडला. आहारतज्ज्ञ बाई कागद हलवत म्हणाल्या, "लोणी बंद म्हणजे बंद, असं कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं ना? त्याची चरबी रक्तात विषासारखी साठत जाते, आणि ती मशीनलाही उपसता येत नाही. घरी काय घालता हो यांना?"

नवरा उशीवरून हसला. "तिलाच विचारा. मी बापडा वाढेल ते खातो!"

मशीन त्याचं रक्त धूत घुमत होतं. तिने रिकामा डबा पिशवीत टाकला.

"तुमच्या बाह्यांवरचं लोणी मी आठ महिने धुतेय," ती म्हणाली. "स्वतःहून सांगाल म्हणून गप्प राहिले. बेकरीत बोटं तुम्ही चाटता, आणि विष घालणारी मी ठरते."